गाढवाची पोथी

श्रावण लागला की माझ्या ओसरीवर पोथी बसते, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. उदगीरच्या बाजाराला गेलेल्या बायकासुद्धा त्या महिन्यात दुपार कलायच्या आत परत येतात. वाचायला केवळाबाई आणि अर्थ सांगायला मी, अशी आमची जोडी. केवळाबाईचा गळा बरा आहे, पण ती नुसतं वाचते. वाचलेलं लोकांच्या डोक्यात शिरतं ते माझ्यामुळं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. अक्षराला अक्षर लावून मलाही वाचता येतं, पण माझी एक ओळ होईपर्यंत ऐकणाऱ्या बायका जांभया द्यायला लागतात. म्हणून तिनं वाचायचं, थांबायचं, आणि मग मी सांगायचं. देवानं माणसाला काय सांगितलं ते, आणि आमच्या गल्लीत ते कुणी कुणी ऐकलं नाही तेही.

यंदा केवळाबाईनं घात केला. ऐन आषाढात डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला आणि मुदखेडला लेकीकडं जाऊन बसली. डॉक्टरनं महिनाभर पुस्तक हातात धरू नका म्हणून बजावलं होतं. श्रावण झाल्यावर काढायचा होतास की, असं मी फोनवर म्हणाले, तर म्हणते कशी, पार्वतम्मा, तुझं तोंड एक महिना बंद राहील आणि गावाला विसावा मिळेल म्हणून तर घाई केली. येऊ दे तिला परत, बघते.

तर श्रावण दारात आला आणि ओसरीवर पोथी नाही. त्यात पोथीच्या जागेवर पेटी.

ही पेटी माझ्या धाकट्या सुनेची, वर्षाराणीची. ती लातूरची, बी.ए. झालेली. माझ्या मल्लेशशी लग्न करून ह्या खेड्यात आली. नांदेडला एक संस्था आहे, ती गावोगाव लहान पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकांच्या पेट्या पाठवते. वर्षाराणीनं त्यांना फोन करकरून एक पेटी मागवली. निळ्या रंगाची लोखंडी पेटी, चौरंगाएवढी उंच, आत गच्च पुस्तकं. ती आणून तिनं ओसरीच्या उगवतीच्या कोपऱ्यात ठेवली. बरोबर पोथीच्या जागेवर.

मी म्हणाले, ही उचल. ती म्हणाली, आत्या, तिथंच उजेड आहे, पोरांना वाचायला बरं. ह्या पोरीचं असंच आहे. आवाज कधी चढत नाही आणि पेटी कधी हलत नाही.

आता पोरांचं ऐका. पेटी आली त्या दिवशी सगळ्या गल्लीतली पोरं धावत आली. झाकण वाजवून बघितलं, कुलपाशी खेळली, पुस्तकांतली चित्रं चाळली आणि निघून गेली. परत कुणी फिरकेना. वर्षाराणी रोज शाळा सुटायच्या वेळी पेटी उघडून बसायची आणि दिवेलागणीला बंद करायची. माझा नातू रुद्रेश, थोरल्याचा, पाचवीला आहे. तो तर घरातलाच. त्याच्यापुढं ती पुस्तक धरायची, तर त्याची मान मोबाईलवरून वर येत नव्हती. लई मागं लागली की एक पान वाचायचा, जोडाक्षर आलं की अडायचा, अडला की चिडायचा, आणि पुस्तकालाच वाईट म्हणून उठायचा.

एक दिवस नांदेडहून फोन आला. लुंबिनी म्हणून एक मुलगी त्या संस्थेचं काम बघते. तिनं विचारलं, पोरं पुस्तकं घरी नेतात का. वर्षाराणी खोटं बोलत नाही, हा तिचा दुसरा दोष. नाही म्हणाली. तेव्हा लुंबिनीनं सांगितलं की मी पोळ्याच्या आधी एकदा येऊन बघते. तोवर कुणी नेत नसेल तर पेटी लोह्याकडच्या एका गावाला देऊ, तिथली मुलं कधीची मागतायत.

फोन ठेवून वर्षाराणी पेटीजवळ बसली आणि दस्तीनं एकेक पुस्तक पुसायला लागली. पुस्तकांवर धूळ नव्हतीच. रडत असती तर मी काहीतरी बोलून गप्प केलं असतं, पण ती रडतही नव्हती. नुसती पुसत होती.

मी विचारलं, एवढं काय ठेवलंय त्या पेटीत.

ती म्हणाली, "आत्या, लातूरला आमच्या घराशेजारी वाचनालय होतं. शाळा सुटली की मी तिथं बसायची. आई हाका मारून दमायची. इथं आल्यापासून मला एवढंच वाटतं, की ह्या गावात पोरांनी हाकेला ओ देऊ नये अशी एक जागा असावी."

मी म्हणाले, पोरं हाकेला ओ देत नाहीतच, त्याला पेटी कशाला लागते. ती हसली नाही. आल्यापासून ह्या पोरीनं माझ्याकडं ना साडी मागितली ना सोन्याचा डाग. मागितला तो एक कोपरा, आणि मी त्याच्यावरून रोज तिला बोलत होते. बोलणं थांबवलं मात्र नाही. घरात शिस्त लागते.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनंच विषय काढला. यंदा केवळाकाकू नाहीत तर आपण पोरांच्या पुस्तकाची पोथी लावू या का? मी वाचते, तुम्ही अर्थ सांगा. मी तिला तिथंच झाडलं. पोथी म्हणजे काय दुकानातलं बिस्कीट आहे का, कुठलंही पुडकं उघडायला. पण दुपार झाली, चार वाजले, बायका सवयीनं येऊन ओसरीकडं बघून मुकाट परत गेल्या. माझ्या घशात सगळं बोलणं तटून राहिलं. संध्याकाळी मी तिला म्हणाले, लावायची तर रीतसर लावायची. हातपाय धुतल्याशिवाय बसायचं नाही. अध्याय सुरू झाला की मधे उठायचं नाही. पुढचा अध्याय आधी कुणी वाचायचा नाही. रोज एका घरचा प्रसाद. आणि एकदा लावलेली पोथी अर्ध्यात सोडायची नाही, शेवटच्या दिवशी समाप्ती करून गल्लीला हुग्गी घालायची. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर. ती माझ्यासारखी ह्या गावात कुणाची होत नाही.

वर्षाराणीनं पेटीतून एक जाडसं पुस्तक काढलं. 'ढांग्याची घंटा'. ढांग्या हे एका कुंभाराचं गाढव. लांब लांब ढांगा टाकतं म्हणून ढांग्या. म्हणजे पहिल्या श्रावण सोमवारी माझ्या ओसरीवर गाढवाची पोथी लागणार होती. बरं झालं, केवळाबाई मुदखेडला होती.

सोमवारी सकाळी मांडणी मी केली. ती पेटी हलवणार नव्हती आणि मी पोथीची जागा बदलणार नव्हते. मग मी पेटीवरच लाल कापड घातलं, तांदूळ पसरले, कलश मांडला, वर नारळ ठेवला, आणि ढांग्याला हळदकुंकू लावून कलशापुढं बसवलं. पेटीची उंची अगदी मापातली. वर्षाराणी न्हाऊन आली आणि बघून म्हणाली, छान दिसतंय. तिच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं.

"आत्या, बाकीची पुस्तकं आतच राहिली."

"राहू दे. कुठं पळून चाललीत?"

"पोरांना घरी न्यायला द्यायची आहेत. लुंबिनीताई येणार आहेत."

"मांडलेला कलश समाप्तीला हलतो. त्याच्या आधी न्हाई."

 पुढं दोन-चार दिवस ती नुसती भाकरी जोरात थापत होती. मला ऐकू जावं म्हणूनच, ते मला कळत होतं. पण रीत म्हणजे रीत. रीत मोडून पुस्तक वाचायला लावलं तर त्या पुस्तकाची इज्जत काय राहिली?

पहिल्या दिवशी पोरं आली ती प्रसादासाठी. गूळ-फुटाणे होते. बायका आल्या त्या बघायला, की पार्वतम्मा गाढवाचा काय अर्थ सांगते. आणि पायरीवर येऊन बसली भामाबाई. ही विहाराजवळ राहते. लहानपणापासून आम्ही एकमेकींना बोलत आलोय. तिनं आल्या आल्या सांगितलं, तुमच्या कलशाचं तुम्ही बघा पार्वतम्मा, मी गाढवासाठी आले.

वर्षाराणीनं वाचायला सुरुवात केली. चांगलं वाचते ती, पण रेडिओवर बातम्या दिल्यासारखं. भामाबाईला राहवेना. ती म्हणाली, सूनबाई, आवाज गोड हाय तुझा, पण गाढवाचा काय येईना. आमच्या बुद्धप्रियाला दे. वर्षावासात विहारात रोज वाचन असतंय, तिथं मोठ्या माणसांपुढं वाचते ती.

बुद्धप्रिया म्हणजे तिची नात, सातवीतली, दोन वेण्या आणि डोळे चौफेर. तिनं पुस्तक घेतलं, घसा साफ केला आणि गाढव ओरडतं त्या ओळीला असं ओरडली की शेजारच्या चन्नबसप्पाच्या गोठ्यातल्या म्हशीनं उत्तर दिलं. ओसरीवर हसू फुटलं. त्या दिवसापासून वाचणारी तीच ठरली. वर्षाराणीनं पुस्तक सोडलं, पण ती उठली नाही. पेटीला टेकून बसली.

पहिल्या अध्यायात एवढंच होतं, की ढांग्याच्या गळ्यातली घंटा एका सकाळी नाहीशी झाली आणि तो ती शोधायला कुंभाराचं घर सोडून निघाला. बुद्धप्रिया थांबली. आता माझं काम. मी पदर सावरला आणि सांगायला लागले, की बघा, मुकं जनावर, पण धर्म सोडला नाही. सोमवार होता, पाण्याचा थेंब न घेता उपाशी निघाला.

रुद्रेश कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणाला, "अव्वा, पुस्तकात उपवास न्हाई."

"श्रावण सोमवार हाय. त्याला तेवढं कळत न्हाई व्हय?"

"कळत असंल. पण पुस्तकात न्हाई."

"मग दाखव."

माझ्या नातवानं त्या दिवशी मोबाईल आपणहून खाली ठेवला, तोही सगळ्यांच्या देखत. उठला, हात धुऊन आला, बुद्धप्रियाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि बोट लावून ओळ शोधायला लागला. सगळी ओसरी थांबली. तो एक अक्षर पुढं जायचा आणि थबकायचा. मीही असंच वाचते, त्यामुळं मला कळत होतं तो कुठं अडला ते. जोडाक्षर आलं. कान लाल झाले त्याचे. मला वाटलं आता पुस्तक फेकून उठतो. पण त्याला मला खोटं पाडायचं होतं. त्यानं दम घेतला आणि मोठ्यानं वाचलं, की ढांग्यानं सकाळी पोटभर कडबा खाल्ला आणि मगच तो निघाला.

पोरांनी असा कल्ला केला की रस्त्यावरची माणसं डोकवायला लागली. भामाबाई मांडीवर थापा मारून हसत होती. आमच्याकडं जे लिहिलंय तेच सांगतात बरं का पार्वतम्मा, असं वर म्हणाली.

मी म्हणाले, "कडबा उपवासाला चालतो."

आणि तिथंच एक नियम करून टाकला. पुस्तकात नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं नुसतं म्हणायचं नाही. ती ओळ काढून सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायची. नाही सापडली तर माझा अर्थ खरा.

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. तिसऱ्या दिवशी पोरं अंगणात बसली. प्रसाद कुणाच्या घरचा आहे हे कुणी विचारेनासं झालं. अध्याय चालू असताना पोरं अशी कान टवकारून बसायची, जशी मी काही चोरून नेणार आहे. मीही सांगायला कमी केलं नाही. कुंभाराच्या बायकोला मी चिक्कू केलं, तिनं घंटा मोडीत घातली असेल असं म्हणाले. पोरांनी ओळ काढून दाखवली की ती ढांग्याला गुळाचा खडा देते. ढांग्याला नदीवर एक कावळा भेटला, त्याला मी ढांग्याचा मेहुणा केलं. एका चिमुरडीनं उभं राहून वाचलं की कावळा आणि ढांग्या एकमेकांना ओळखत नव्हते. मी म्हणाले, लग्नात मानपान झाला नसेल, म्हणून ओळख दाखवली नाही. ह्यावर पुस्तकात काही सापडलं नाही. तो दिवस माझा.

अर्थ सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते. केवळाबाईला विचारा. इतकी वर्षं ती पुढ्यात पोथी घेऊन बसली, पण हे पोथीत नाही असं म्हणायची तिची टाप नव्हती.

मग पोरांनी वेगळीच चाल काढली. पुढचा अध्याय वाचायची बंदी होती, मागच्याला नव्हती. शाळा सुटली की घरी दप्तर टाकायचं, माझ्याकडं येऊन हात धुवायचे, आणि मी ओसरीवर यायच्या आत कालचा अध्याय पुन्हा वाचून काढायचा. काल मी काय काय घुसडलं ते शोधून ठेवायचं. मी येऊन बसले की चहूकडून एकदम खटला. अव्वा, काल तुम्ही म्हणालात पूल लाकडाचा होता, तो दगडाचा हाय, ही बघा ओळ. रुद्रेश सगळ्यांत पुढं. त्याचं बोट आता ओळीवरून भरभर जात होतं. जोडाक्षराशी तो अडत नव्हता असं नाही, पण अडायला त्याला वेळ नव्हता.

आणि मग एकीनं पेटीवर टकटक करून विचारलं, "अव्वा, ह्याच्यात अजून हायत?"

मी म्हणाले, हायत की. माकडाची, भुताची, आगगाडीची. तुझ्या वर्षाकाकूला विचार.

वर्षाराणी इतके दिवस माझ्यावर घुश्श्यात होती. तिनं त्या पोरीकडं बघितलं, मग कलशाकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. ती सांगायला लागली. एका गावात एक भूत होतं, त्याला अंधाराची भीती वाटायची. ते रोज कुणाच्यातरी घरी दिवा मागायला जायचं. एक दिवस ते अशा घरी गेलं की... आणि गप्प बसली. पुढं काय, पोरं म्हणाली. पुढचं पेटीत आहे, ती म्हणाली, समाप्तीला निघेल.

मी आतून ऐकत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही सून ह्या घरात मुरली.

मग रोज पोथी संपली की ती पेटीतल्या एका पुस्तकाचं तोंड दाखवायची आणि झाकून टाकायची. पोरं पेटीच्या चारी बाजूंनी बसायची. बारकी तर पत्र्याला कान लावायची. भुताचं माझं, आगगाडीचं माझं, अशा वाटण्या झाल्या. त्यावरून शाळेत दोघांची मारामारी झाली आणि मास्तर विचारायला आले, की कुठलं भूत. बुद्धप्रियानं एकदा अगदी लाडीगोडीनं विचारलं, अव्वा, कलश जरासा सरकवला तर? मी तिला म्हणाले, तुझ्या विहारातलं वाचन मधेच सोडतीस का?  भामाबाई पायरीवरून म्हणाली, ह्या बाबतीत म्हातारी बरोबर बोलली.

लग्नाचा अध्याय आला तेव्हा तर कळस झाला. त्यात नवरदेवाची घोडी उधळते, वरात खोळंबते आणि शेवटी नवरदेव ढांग्यावर बसून मांडवात येतो. अध्याय संपल्यावर मी सांगितलं, घंटेचा चोर हाच. नवरदेव. मी माणूस चेहऱ्यावरून ओळखते.

पोरं म्हणाली, पुस्तकात न्हाई.

मी म्हणाले, अजून आलं न्हाई. समाप्तीला येईल.

"आन न्हाई आलं तर?" रुद्रेशनं विचारलं.

"न्हाई आलं तर पुढच्या पोथीचा अर्थ तुम्ही सांगायचा. मी खाली बसून ऐकते."

असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

समाप्तीच्या दिवशी सकाळपासून चुलीवर मोठं पातेलं. गहू कांडून भिजवलेले, गूळ, खोबरं, वर खसखस. वर्षाराणी ढवळत होती आणि मी सांगत होते. दुपारी दारात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून एक पोरगी उतरली. पायात बूट, पाठीवर पिशवी. लुंबिनी. कळवलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच आली होती, पुढं तिला लोह्याकडं जायचं होतं म्हणून.

वर्षाराणी हात पुसत बाहेर गेली. लुंबिनीनं आधी पाणी घेतलं, पेटीवरचा कलश बघून जरा गोंधळली, आणि मग हळूच विचारलं, की ताई, किती मुलांनी पुस्तकं घरी नेली.

"एकानंही नाही," वर्षाराणी म्हणाली. पुढं काहीतरी सांगायला गेली आणि थांबली. कलशामुळं असं म्हणायचं तर सासूचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि परक्या बाईपुढं तिनं ते घेतलं नाही.

लुंबिनी वाईट वागली नाही. म्हणाली, होतं असं ताई, गावोगाव वेगळं असतं. मग आज मी पेटी नेते, तिथली मुलं वाट बघतायत.

वर्षाराणीनं मान डोलावली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी उलथनं घेऊनच बाहेर आले.

"त्याच्यावर कलश हाय, बाई. समाप्ती झाल्याबगर पेटी हलत न्हाई. हातपाय धुवा आन बसा."

ती म्हणाली, आजी, मला उशीर होईल. मी म्हणाले, हुग्गी शिजायला बी उशीरच लागतो. ती बूट काढून बसली. माझ्यापुढं कोण उभं राहतं.

तेवढ्यात शाळा सुटली. पोरं आली ती धावतच. हौदाशी हात धुण्यासाठी ढकलाढकली, मग ओसरी, अंगण, पायऱ्या, सगळं गच्च. लुंबिनी पाय आखडत आखडत भिंतीला जाऊन टेकली. बुद्धप्रियानं कलशापुढचं पुस्तक उचललं आणि शेवटचा अध्याय लावला.

ढांग्या थकून एका अनोळखी गावात पोचतो. सकाळची वेळ. आणि त्याला ऐकू येते त्याचीच घंटा. तो आवाजाच्या मागं जातो, तर एक शाळा, शाळेपुढं लिंबाचं झाड, आणि झाडाला टांगलेली त्याची घंटा. घंटा वाजते आणि चहूकडून पोरं धावत येतात. ढांग्या बघत राहतो. ती पोरं माझ्या घंटेमुळं धावतात, असं त्याच्या मनात येतं. तो घंटा तिथंच ठेवून घरी परततो. पण रोज सकाळी शाळा भरायच्या वेळी कुंभाराच्या दारात उभा राहून तो ओरडतो, घंटा वाजते तेवढ्या वेळा.

बुद्धप्रिया थांबली.  मग रुद्रेश उभा राहिला, पुस्तक मागून घेतलं आणि ती शाळेची ओळ घडाघडा वाचली. बोट न लावता. ते फक्त मी आणि वर्षाराणीनं बघितलं, बाकीची पोरं मी हरले म्हणून नाचत होती.

मी सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाले, घंटा शाळेत हाय, मान्य. पण शाळेत नेली कुणी? वाच.

त्यानं खालून वर वाचलं, वरून खाली वाचलं. चार डोकी त्या पानावर वाकली. कुणी नेली ते लिहिलेलंच नव्हतं.

मी म्हणाले, "नवरदेव त्या शाळेचा मास्तर असंल. त्यानंच नेली."

बुद्धप्रिया म्हणाली, "अव्वा, पण घंटा पहिल्या अध्यायात गेली. नवरदेवाची आन ढांग्याची गाठ नंतर पडली."

"गाठ नंतर पडली. चोरी आधी केली. चोर काय ओळख करून घेऊन चोरतोय व्हय?"

मग जो गलबला झाला तो काय सांगू. अर्धी पोरं म्हणत होती अव्वा हरली, अर्धी म्हणत होती तसं लिहिलेलं नाही. शेवटी सगळी लुंबिनीकडं वळली. ती बिचारी शहाणी, नांदेडची, तिनं निवाडा करावा. तिनं पुस्तक घेतलं, चष्मा वर सारला आणि पहिल्या पानापासून शोधायला लागली. उशीर होत होता तिला, पण पान उलटायची थांबेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, खरंच की, कुठंच नाही लिहिलेलं.

तेव्हा वर्षाराणी अगदी शांतपणे म्हणाली, "दुसऱ्या एखाद्या पुस्तकात असेल."

सगळी ओसरी पेटीकडं बघायला लागली.

आरती त्या दिवशी फार लवकर उरकली. देव समजून घेईल. मी कलश उचलला, नारळ फोडला, लाल कापड ओढलं आणि वर्षाराणीनं कुलूप काढलं. त्याच्यापुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मधे पोरंच पोरं होती. झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि मग नुसते हात. भुताचं कुठाय, माझं आगगाडीचं, ए सोड, मी आधी सांगितलं होतं. वर्षाराणी त्यांच्या मधोमध अडकली होती, केस सुटलेले, कपाळाला हळद, आणि नावं विचारून विचारून हसत होती. ही पोरगी एवढ्या मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. एका बारक्याला अजून अक्षर ओळखता येत नाही, तो पुस्तक उलटं धरून बाहेर पडला आणि त्यात चोर शोधायला लागला. भामाबाईनंसुद्धा एक काखेत मारलं. नातीकडून वाचून घेते म्हणाली.

मग मी लुंबिनीला म्हणाले, "घ्या, झाली समाप्ती. न्या पेटी."

तिनं वाकून आत बघितलं. तळाला कलशाखालचे चार तांदूळ पडले होते. बाकी काही नव्हतं. ती त्या पेटीच्या काठावरच टेकली.

"आजी, रिकामी पेटी घेऊन मी लोह्याला काय सांगू?"

"सांगा, पोरांनी खाल्ली."

हसता हसता तिला ठसका लागला. वर्षाराणीनं पाणी दिलं, मग मी हुग्गी दिली. पहिल्यांदा थोडीच घाला म्हणाली, नंतर स्वतः वाटी पुढं केली. खाता खाता म्हणाली, पेटी इथंच राहू दे. लोह्याच्या मुलांसाठी आमच्याकडं नवीन पुस्तकं आलीत, त्यांची दुसरी भरून देते. मी म्हणाले, द्या, पण त्यांना नीट समजावा. पेटी आली की लगेच उघडायची न्हाई. आधी वर कलश मांडायचा.

वर्षाराणी घाईनं म्हणाली, ताई, हे तेवढं सांगू नका.

सगळी गेल्यावर आम्ही दोघी भांडी घासत बसलो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, कलश मुद्दाम पेटीवर ठेवला होतात ना?"

"मग काय," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग पातेल्याच्या तळाची खरवड, जी मला आवडते, ती काढून माझ्या वाटीत घातली.

आता संध्याकाळी ओसरीवर दिवा लागला की कुठल्यातरी घरातून पोराला हाक ऐकू येते. दुसरी येते. तिसरी येते. ओ कुणी देत नाही, कारण ते पोर माझ्या ओसरीच्या उगवतीच्या कोपऱ्यात पेटीला टेकून बसलेलं असतं. परवा सकाळी रुद्रेश दात न घासता माझ्या अंथरुणाशी आला. हातात आगगाडीचं पुस्तक. अव्वा, म्हणाला, ह्यात एक मास्तर हाय, पण त्याचं लग्नच झालेलं न्हाई. मी म्हणाले, मग तो नवरदेवाचा भाऊ. तो पळत गेला बुद्धप्रियाला सांगायला.

गणपतीत पुढची पोथी लागणार आहे, भुताची. अर्थ पोरं सांगणार आहेत. मी खाली बसणार आहे. मी शब्दाची पक्की आहे. पण पुस्तकात नाही असं म्हणायची पाळी आता माझी, आणि मी रोज दुपारी ते पुस्तक अक्षराला अक्षर लावून वाचून ठेवते आहे. मागच्या अध्यायाला बंदी नाही, आणि पुढचे मी वाचते असं कुणी बघितलेलंही नाही.

केवळाबाई मुदखेडहून आली. डोळे लख्ख झालेत तिचे. पुढच्या श्रावणात पोथी कुठं मांडायची, कोपऱ्यात तर पेटी आहे, असं विचारत होती. मी तिला सांगितलं, सुताराला नवा चौरंग करायला टाकलाय, तो मधल्या खांबाजवळ मांडू. तिथं उजेड जरा कमी आहे, पण तुला आता चांगलं दिसतंय.